साध्या ब्रेडचा गट

आत्यानं रक्तदाबाच्या गोळीला नाही म्हटलं, आणि पुढची सहा वर्षं ते नाहीच राहिलं. डॉक्टरांनी समजावलं, शेजारणीनं समजावलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं तर एकदा ‘फुकट देतो, पण घ्या’ इथपर्यंत मजल मारली. आत्या सगळ्यांचं नीट ऐकून घ्यायची, त्यांच्यापुढं चहा ठेवायची आणि शेवटी एवढंच विचारायची, “दादा वर्षभर गोळ्या घेत होता. एक दिवस चुकला नाही. मी स्वतः त्याच्या ताटाजवळ ठेवत होते. काय झालं?”

काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. आत्याचा थोरला भाऊ एका सकाळी दाढी करता करता खाली बसला तो पुन्हा उठला नाही. मेंदूत रक्तस्राव. तेव्हा या प्रश्नावर माणूस चहा संपवायचा आणि हवापाण्याचं बोलून निघून जायचा.

प्रश्नाचं उत्तर फक्त एकीला ठाऊक होतं. ती त्या भावाची मुलगी. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून आत्यानंच तिला वाढवलं होतं. वडील नकाशे काढायच्या कामातले. ते गेल्यावर आठवड्यानं तिनं त्यांचं टेबल आवरायला घेतलं, तर खालच्या खणात, नकाशांच्या गुंडाळ्यांमागं, टाचण्यांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत टाचण्या नव्हत्या. पांढऱ्या गोळ्या होत्या. तिनं त्या मोजल्या, कारण समोर आलेली गोष्ट मोजायची हा तिचा स्वभावच होता. तीनशे अकरा भरल्या. म्हणजे वडील रोज आत्यासमोर गोळी उचलायचे, तोंडाशी हात न्यायचे, पाण्याचा घोट घ्यायचे, आणि गोळी शर्टाच्या खिशात जायची.

आत्याला हे सांगायचं तर काय सांगायचं? की तू रोज समोर बसून पहारा दिलास आणि तुझ्या भावानं तुला रोज बनवलं? आत्या त्या दिवसांत जेवतही नव्हती. आज नको, मग सांगू, असं भाचीनं ठरवलं. मग महिना गेला, वर्ष गेलं, आणि न सांगितलेली गोष्ट जसजशी जुनी होत जाते तसतशी ती सांगणं जिवावर येत जातं. दरम्यान आत्याचा रक्तदाब वर सरकत होता.

ते एक वाक्य तिला बोलता आलं नाही, म्हणून तिनं ब्रेड केला.

ब्रेड करणं तिच्या हातात होतं. एका मध्यम आकाराच्या ब्रेडच्या कारखान्यात ती प्रयोगशाळा सांभाळायची. प्रयोगशाळा म्हणजे पिठाच्या गोदामाशेजारची एक खोली, दोन ओटे, एक छोटी भट्टी आणि कायम पिठानं पांढुरकी झालेली खिडकी. सगळे तिला मॅडम म्हणत. पिठातला ओलावा तपासणं आणि ब्रेडला बुरशी किती दिवसांनी धरते ते बघणं हे तिचं रोजचं काम. उरलेल्या वेळात, मालकांच्या परवानगीनं, तिनं तीन वर्षं या ब्रेडवर घालवली. त्यात ओटचा कोंडा होता, दळलेलं जवस होतं, आणि वनस्पतींच्या तेलातून काढलेली स्टेरॉलं होती. स्टेरॉल दिसायला कोलेस्टेरॉलसारखंच असतं. आतड्यातून रक्तात शिरायच्या रांगेत ते कोलेस्टेरॉलच्या जागी उभं राहतं, आणि त्यामुळं खऱ्या कोलेस्टेरॉलला थोडी कमी जागा मिळते. जवस आणि कोंड्यानं रक्तदाबही थोडा उतरेल अशी तिला आशा होती. तिच्या वहीत ‘थोडी’ आणि ‘थोडा’ हे दोन्ही शब्द अधोरेखित होते.

आत्याला तिनं विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली, “चावून खायचं असेल तर काहीही दे. गिळायचं काही देऊ नकोस.”

मालकांना ब्रेड आवडला, पण वेष्टनावर ‘रक्तदाब व कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत’ असं छापायचं तर आधी चाचणी हवी होती. चाळीस माणसं ठरली. ज्यांचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल चढलेलं आहे, आणि ज्यांना अजून गोळी सुरू नाही, अशी. कामगारांतून एकतीस मिळाली, उरलेली त्यांच्या घरच्यांतून घेतली. त्यांत आत्याही आली. चिठ्ठ्या टाकून वीस-वीसचे दोन गट केले. एका गटाला रोज चार स्लाइस तिच्या ब्रेडचे, दुसऱ्याला चार स्लाइस साध्या ब्रेडचे. दोन्ही दिसायला सारखेच तपकिरी. एकाच्या पिशवीला हिरवी क्लिप, दुसऱ्याच्या पिशवीला पिवळी. कुठल्या रंगात काय, हे फक्त पीठ मळणाऱ्या मिस्त्रींना माहीत होतं आणि मालकांच्या तिजोरीतल्या पाकिटात लिहिलेलं होतं. तिनं ते मुद्दाम स्वतःला कळू दिलं नाही. घरी पिवळ्या क्लिपची पिशवी यायची. ती त्यातला तुकडाही तोंडात घालायची नाही, उगाच चवीवरून ओळखू यायचा.

चाचणी बारा आठवडे चालली. दर सोमवारी कारखान्याच्या सिस्टर दवाखान्याच्या खोलीत सगळ्यांचा रक्तदाब घ्यायच्या. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी रक्त तपासलं जायचं. सिस्टर रोडक्या, आवाज भरदार. बाकावर कुणी बोलायला लागलं की त्या ओरडायच्या, “बोलू नका, आकडा वर जातो! नवऱ्याच्या तक्रारी बाहेर जाऊन!”

आत्याचा आकडा सुरुवातीला वरचा एकशेछप्पन आणि खालचा चौऱ्याण्णव होता. पहिल्या आठवड्यानंतर तो उलट दोन-तीननं वाढला. तिसऱ्या आठवड्यापासून उतरायला लागला, आणि असा उतरला की बाकावरची माणसं आत्याला आधी आत सोडू लागली, तिचा आकडा ऐकायला. बाराव्या आठवड्यात एकशेअठ्ठावीसवर ऐंशी. कोलेस्टेरॉल दोनशेबासष्टचं एकशेअडुसष्ट.

कुणीही शिकलेल्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. कोलेस्टेरॉल एक तृतीयांशाहून जास्त उतरवणारा ब्रेड जगात कुठं नाही. तिच्या सगळ्या आशा मिळून आठ-दहा टक्क्यांचा हिशेब होता. पण त्या सोमवारी सिस्टरनी आकडा मोठ्यानं वाचला, आत्यानं बाकावरून वळून तिच्याकडं बघितलं, आणि ती थांबली नाही. ती घरी गेली आणि कितीतरी महिन्यांनी गाढ झोपली. ते वाक्य आता बोलायची गरजच उरली नव्हती.

मालकांनी तर निकालाआधीच वेष्टनाचा नमुना करून घेतला होता. त्यावर आत्याचा फोटो. हातात ब्रेड, चेहऱ्यावर जराशी मिजास.

पाकीट मंगळवारी अकरा वाजता उघडलं. मालक, मिस्त्री, सिस्टर आणि ती, असे चौघं होते. मालकांनी चष्मा लावून वाचलं, “हिरवी, मॅडमचा ब्रेड. पिवळी, साधा.”

मग सिस्टर म्हणाल्या, “आत्याबाई तर पिवळ्यात.”

“म्हणजे आपला साधा ब्रेडच भारी निघाला!” मालक म्हणाले. “मॅडम, मग मी तीन वर्षं जवस कशाला आणत होतो?”

मिस्त्री हसले. ती हसली नाही. तिनं गटांचे आकडे मांडायला घेतले. हिरव्या गटाचा रक्तदाब थोडा उतरला होता. पिवळ्याचाही तेवढाच. कोलेस्टेरॉल हिरव्यात उतरलं होतं खरं, पण पिवळ्यातही उतरलंच होतं. दोन्ही गटांतला फरक इतका कमी की तो योगायोगही असू शकतो, म्हणजे ब्रेडनं काही केलं असं म्हणता येत नाही.

“फोटोचं काय करायचं?” मालकांनी विचारलं. “छपाईवाला दुपारी येणार आहे.”

“त्याला उद्या बोलवा,” ती म्हणाली. “सिस्टर, तुमचं मूळ रजिस्टर द्या.”

ती रजिस्टर घेऊन प्रयोगशाळेत बसली. रक्तदाबाचं यंत्र दर वेळी तीन आकडे दाखवतं: वरचा, खालचा आणि नाडी. चाचणीला पहिले दोनच हवे होते. पण छापील रजिस्टरात नाडीचाही रकाना होता, आणि रकाना रिकामा सोडणं सिस्टरना जमत नसे. तो रकाना बारा आठवडे कुणी वाचला नव्हता. तिनं आता वाचला. एकोणचाळीस माणसांची नाडी होती तिथंच होती. आत्याची पहिल्या सोमवारी ब्याऐंशी, दुसऱ्या सोमवारी चौऱ्याऐंशी. तिसऱ्या सोमवारी अडुसष्ट, आणि मग साठ-एकसष्टवर जाऊन तिथंच बसलेली.

ब्रेडनं, साध्या किंवा असाध्या, नाडी मंद होत नाही. रक्तदाबाच्या एका जातीच्या गोळीनं होते.

तिनं पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचलून आत्याचे आकडे पिवळ्या गटातून वगळले आणि नव्यानं सरासरी काढली. वीस माणसांच्या गटात एकाचे आकडे एवढे घसरले की सगळ्या गटाची सरासरी खाली येते आणि खरा फरक पुसट होतो. आत्याला काढल्यावर हिरव्या गटाचं कोलेस्टेरॉल पिवळ्यापेक्षा सहा टक्क्यांनी कमी होतं. रक्तदाबात तरीही फरक नव्हता.

ती घरी पोचली तेव्हा आत्या जमिनीवर कापड पसरून त्यावर खडूनं रेघ मारत होती. आत्यानं तीस वर्षं शिवणाचा वर्ग चालवला होता. आता शेजारपाजारचं काहीबाही शिवून द्यायची.

“आत्या, गोळी कधीपासून घेतेस?”

रेघ सरळच गेली. “कसली गोळी?”

“एक रक्तदाबाची. एक झोपताना घ्यायची, कोलेस्टेरॉलची.”

“त्या सिस्टरनं सांगितलं? तरी मला वाटलंच. बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

“सिस्टरना माहीत नाही. तुझ्या नाडीवरून कळलं.”

“मेली नाडी!” आत्यानं खडू खाली टाकला. “बारा आठवडे ताकास तूर लागू दिली नाही, आणि हिनं चहाडी केली.”

ती समोर बसली. आत्यानं कात्री उचलली, पुन्हा ठेवली.

“मग काय करायचं होतं मी?” आत्या म्हणाली. “पहिल्या आठवड्यात सगळ्यांसमोर सिस्टर ओरडली, आत्याबाई, तुमचा तर वाढलाय! बाकावर सगळे माझ्याकडं बघायला लागले. म्हटलं, पोरीनं तीन वर्षं घातली, आणि ती नापास कुणामुळं होणार, तर घरच्याच माणसामुळं. गेले सरळ डॉक्टरकडं. तो तर खुर्चीतून पडायचाच बाकी होता. म्हणाला, सूर्य कुठून उगवला?”

“तू कुठल्या गटात होतीस, कळलं आज.”

“बरं मग?”

“साध्या ब्रेडच्या. तुझ्या ब्रेडमध्ये काहीच नव्हतं, आत्या. तुझा आकडा जागचा हलायलाच नको होता. तू तो जेवढा उतरवलास, तेवढा माझा ब्रेड खाली गेला.”

आत्याला हे पोचायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, “घरच्या माणसाला साधा ब्रेड?”

“चिठ्ठ्या टाकल्या होत्या.”

“चिठ्ठीतही माझ्या वाट्याला साधंच. मी आपली रोज तो चिवट ब्रेड चावतेय, म्हणतेय, औषधी आहे म्हणून असा लागतो.” आत्याला हसू आलं, आणि तिलाही. दोघी जरा वेळ हसत राहिल्या. मग आत्यानं डोळे पुसले. “पार वाट लावली का गं मी?”

“नाही. तुला वगळलं की थोडं काही उरतं.”

“मग झालं तर. वगळ मला. संपली ना परीक्षा? उद्यापासून गोळ्या बंद.”

“ही गोळी अशी एकदम बंद करायची नसते. आणि बंदच करायची नाही. तुझा आकडा ब्रेडनं उतरलेला नाही, गोळीनं उतरलाय.”

“उतरला, बघितला, पुरे झालं. मला गोळ्यांचं सांगू नकोस. दादा वर्षभर...”

“बाबा घेत नव्हते.”

आत्या थांबली.

“एकही, म्हणजे जवळजवळ एकही नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज एखादा अहवाल वाचताना असतो तसाच होता. दुसरा कुठला आवाज तिला त्या वेळी सापडला नाही. “ते गेल्यावर मी खण आवरला, तेव्हा सापडल्या. तीनशे अकरा. वर्षभरात त्यांनी फार तर पन्नास-पंचावन्न घेतल्या असतील.”

“मी समोर बसायचे,” आत्या म्हणाली.

“हो.”

“घोट घ्यायचा पाण्याचा. मान मागं टाकून. मला विचारायचा, झालं समाधान?”

तिनं जमिनीवरचा खडू उचलून बाजूला ठेवला.

“तू मोजल्यास?”

“हो.”

“मोजल्यास. आणि मला सांगितलं नाहीस.” आत्यानं कापडाची घडी घातली. अर्धवट आखलेल्या कापडाची घडी ती कधी घालत नसे. “सहा वर्षं मी लोकांना तोंड वर करून सांगत फिरले. त्या औषधवाल्याला. डॉक्टरला. तू शेजारी बसलेली असायचीस.”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“मग आता काय वाटतंय?” आत्या म्हणाली, आणि उठून आपल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी मालकांना तिनं दोन ओळी लिहून दिल्या. कोलेस्टेरॉल थोडं कमी होण्यास मदत. औषध चालू असल्यास ते चालूच ठेवावं. रक्तदाबाचं नाव नाही, फोटो नाही.

“ब्रेडवर औषधाचं नाव?” मालकांनी कपाळाला हात लावला. “दुकानदार तो खोकल्याच्या बाटल्यांशेजारी ठेवेल. आणि हे ‘थोडं’ कशाला? ‘थोडं’ कोण विकत घेतं?”

“सहा टक्के आहे. सहा टक्क्यांना थोडंच म्हणतात.”

“तुम्ही दुकान काढू नका कधी, मॅडम.”

“नाही काढणार.”

मालकांनी कागद दोनदा वाचला आणि छपाईवाल्याला फोन लावला. ‘थोडं’ त्यांनी ठेवलं, पण अक्षर बारीक करायला सांगितलं. पुढची चाचणी मोठी करू, तीही गोळी चालू असलेल्या माणसांवर, असं तिनं सुचवलं. त्यावर ते ‘बघू’ म्हणाले. त्यांच्या तोंडी ‘बघू’ म्हणजे नकार नसे.

घरात मात्र दोन दिवस कामापुरतंच बोलणं होतं. दूध आलं. नळ गळतोय. आत्या वेळेवर जेवायची, वेळेवर झोपायची. गोळ्या घेते की नाही हे कळायला मार्ग नव्हता. म्हणजे मार्ग होता. गोळ्या शिवणाच्या कपाटातल्या बटणांच्या डब्यात असणार हे तिनं ओळखलं होतं, आणि किती उरल्या हे मोजायला अर्धं मिनिट लागलं असतं. ती दोनदा त्या कपाटापर्यंत गेली आणि परत आली. एकदा मोजून काय झालं ते तिनं पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी, सोमवार नसताना, आत्या कारखान्यात आली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं प्रयोगशाळेत निरोप पाठवला. ती दवाखान्याच्या खोलीत पोचली, तोवर आत्या खुर्चीत बसून बाही वर करत होती.

“आत्याबाई, चाचणी संपली,” सिस्टर म्हणत होत्या. “आता कशाला?”

“माझ्यासाठी. घ्या.”

सिस्टरनी पट्टा बांधला. यंत्र घुरघुरलं, थांबलं. “एकशेसव्वीस, अठ्ठ्याहत्तर. नाडी साठ.”

आत्यानं दाराशी उभ्या असलेल्या भाचीकडं बघितलं. साठ. म्हणजे गोळी तिन्ही दिवस घेतली होती.

“चोर होता मेला,” आत्या म्हणाली. आवाज वर चढला होता. “माझ्यासमोर! झालं समाधान, म्हणे! आज असता ना, दोन्ही हात धरून घशात कोंबली असती.”

“कोण?” सिस्टरनी विचारलं.

“आमचा दादा.”

“ते तर...”

“गेला. म्हणून तर वाचला.” आत्यानं पट्टा स्वतःच सोडला आणि खुर्चीतून उठली. पदरानं तोंड पुसलं. मग भाचीकडं वळून म्हणाली, “तुझा किती?”

“माझा काय?”

“आकडा. दादाचा होता, माझा आहे. तुझा किती?”

बारा आठवडे तिनं चाळीस माणसांचे आकडे उतरवून घेतले होते. शेचाळीस वर्षांच्या आयुष्यात स्वतःचा शेवटचा आकडा कधी घेतला, ते तिला आठवेना.

“घरी घेऊ,” ती म्हणाली. “मला आता ओलाव्याचे नमुने...”

“बस.”

ती बसली. सिस्टरनी पट्टा बांधला, बटण दाबलं. यंत्रावर एकशेबावन्न आलं. खाली सत्त्याण्णव.

“घाईघाईत आलात, म्हणून असेल,” सिस्टर म्हणाल्या. आवाज त्यांच्या मानानं बराच हळू होता. “पाच मिनिटं शांत बसा. पुन्हा घेऊ.”

“मी रोज एवढी चालते, तरी कसा काय...”

“बोलू नकोस,” आत्या म्हणाली, बाकावर तिच्यासमोर टेकली आणि भिंतीवरच्या घड्याळावर नजर लावून बसली. “आकडा वर जातो.”